ठरलेल्या, पाठ असलेल्या प्रार्थनांचा खरंच उपयोग असतो का? (गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींना विचारतेय)

नगरची_वास्कोत

प्रश्न लांबलाय, वेळ असेल त्यांनीच वाचा.

आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर), अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती घराणं, १९७० ला वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली त्यातली आमची मंडळी. नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला म्हणून वास्कोत राहतो. इथे आल्यावर शेजारच्यांनी एका फेलोशिपला नेलं आणि आम्ही तिथेच रुळलो. माणसं फार चांगली हे आधीच सांगते, मी आजारी होते तेव्हा सकाळ-संध्याकाळ डबे त्यांनीच पुरवले. हॉल, खुर्च्या, ड्रम, गिटार, समोर स्क्रीनवर गाण्याचे शब्द, हिंदी-इंग्लिश मिक्स, मग पास्टरांचा संदेश आणि मग ज्याला जसं सुचेल तशी मोठ्याने प्रार्थना. ठरलेला क्रम असा काही नाही, दर रविवारी दोन तरी गाणी नवीन.

अडचण अशी की मला तिथे प्रार्थना करायला जमत नाही. ऐकायला जमतं, गायला जमतं, पण प्रार्थना नाही. नगरला उपासनेत पापांगीकार कधी, स्तोत्र कधी, दोन वाचनं, मग उभं राहून विश्वासांगीकार, दानार्पण, प्रभूची प्रार्थना, शेवटी आशीर्वाद, हे सगळं डोळे मिटूनही सांगता यायचं आणि पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे जीव तिथेच थांबायचा. इथे मी सतत पुढच्या ओळीकडे बघत असते, स्क्रीन बदलली की नाही, आता उभं राहायचं की बसायचं.

पास्टरांशी बोलले. ते म्हणाले, सिस्टर, पाठ केलेलं ओठातून येतं, मनातून येत नाही, ही नुसती लहानपणची सवय आहे, सुटेल. ते प्रेमानेच म्हणाले पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. दुसरं म्हणजे मुलगा तिसरीत आहे, त्याला फेलोशिपची गाणी सगळी येतात पण प्रभूची प्रार्थना पाठ नाही, कारण ती कधी म्हटलीच जात नाही. सुट्टीत गावी गेलो की सासरे संध्याकाळी सगळ्यांना घेऊन प्रार्थनेला उभे राहतात, हा आपला नुसते ओठ हलवतो.

तर विचारायचं हे की ही खरंच फक्त सवय आहे का? आणि जवळच कॅथलिक चर्च आहे तिथे कोकणी मिस्साला (कॅथलिकांच्या उपासनेला) जाऊन बसलं तर चालेल का, भाषा अर्धीच कळते.

---

वसईकर_मडगाव

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते माझ्या अनुभवातलं आहे. मी वसईचा कॅथलिक, घरात वाडवळी आणि देवळात मराठी, बँकेची बदली होऊन मडगावला आलो. इथे पहिल्यांदा कोकणी मिस्साला बसलो तेव्हा फादरांच्या उपदेशातलं निम्मं डोक्यावरून गेलं, गाण्याचं पुस्तक रोमी लिपीत, अक्षरं जुळवेपर्यंत कडवं संपायचं. पण मी हरवलो नाही. क्रुसाची खूण, क्षमायाचना, 'प्रभू दया कर', पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन, आल्लेलुया, शुभवर्तमान, पुढे 'पवित्र पवित्र पवित्र', सगळं जागच्या जागी. शेजारचे काका कोकणीत 'आमच्या बापा' म्हणजे प्रभूची प्रार्थना म्हणत होते, मी मराठीत माझं म्हणत होतो आणि दोघं एकदमच आमेनला पोचलो. नवीन गावात त्या सकाळी मला परकं वाटलं नाही ते एवढ्याचमुळे.

तर जा आणि खुशाल बसा, कोणी अडवत नाही. फक्त एक, कम्युनियन म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आमच्याकडे कॅथलिकांनाच देतात, तेव्हा त्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी कोणी वेगळं समजत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर ऐन वेळी मनाला लागतं.

आता सवयीबद्दल. २०११ च्या आगमनकाळापासून (नाताळच्या आधीचे चार आठवडे) इंग्लिश मिस्सातली लोकांची उत्तरं बदलली होती, तेव्हा मी नोकरीला मुंबईत होतो आणि इंग्लिश मिस्सालाच जायचो. कितीतरी महिने अर्धं देऊळ जुनं उत्तर द्यायचं, अर्धं नवीन, आणि सगळ्यांच्या माना हातातल्या कार्डात. शब्द चांगले की वाईट हा मुद्दाच नाही, पण जोवर कार्डात बघावं लागत होतं तोवर आम्ही वाचत होतो, प्रार्थना करत नव्हतो. कार्ड सुटलं आणि मग परत प्रार्थना सुरू झाली. तुमच्याकडे दर रविवारी नवं कार्ड हातात येतंय असं समजा, मग तुम्हाला जमत नाही यात तुमचा काय दोष. पाठ असणं म्हणजे मन बाजूला ठेवणं असं लोक धरून चालतात, मला तर उलट वाटतं, पाठ असलं की मन मोकळं होतं, शब्द शोधायचं काम संपलेलं असतं.

आणि अजून एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. ठरलेली उपासना माझ्या मूडवर चालत नाही. माझं सगळं छान चाललेलं असताना मला पापांची क्षमा मागायला लावते, जी मी आपणहून कधी मागितली नसती, आणि घरात कोणी गेलेलं असताना देवाचा गौरव म्हणायला लावते, जो मला त्या दिवशी सुचला नसता. रोग्यांसाठी, सरकारात बसलेल्यांसाठी, मेलेल्यांसाठी प्रार्थना होते, मला आठवण असो नसो. वाचनांचंही तेच. आमच्याकडे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बसवलीयत, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात नि पुनरुत्थानकाळात. म्हणजे फादरांना आपल्या आवडीचे चार उतारे धरून वर्षभर तेच बोलता येत नाही, अवघड उतारा आला की त्याच्यावर बोलावंच लागतं. हे संरक्षण आहे, लोकांचंही आणि फादरांचंही.

---

बिलीव्हर_म्हापसा

ताई, मी म्हापशाचा, कॅथलिक घरात वाढलो, आता बिलीव्हर आहे, म्हणजे कॅथलिक चर्च सोडून तुमच्यासारख्याच फेलोशिपला जातो, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलंय. तुमच्या पास्टरांची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो, वाद घालायला नाही.

माझा मोठा भाऊ लहानपणापासून सगळ्या प्रार्थना पाठ असलेला माणूस. संध्याकाळचा तेर्स म्हणजे जपमाळ, रविवारचं मीस म्हणजे मिस्सा, फेस्ताला कोन्फ्रारियेचा (चर्चच्या मंडळाचा) लाल झगा घालून मिरवणुकीत पुढे, काही चुकलं नाही. आणि रोज रात्री दारू पिऊन घरी. त्या शब्दांनी त्याला कधी हात घातला नाही. एका प्रेअर मीटिंगमध्ये त्याला कोणीतरी सांगितलं की तू तुझ्या शब्दात बोल, आणि तो मोडक्या कोकणीत एवढंच बोलला की देवा माझ्याच्यानं हे सुटत नाही, तू सोडव. त्यानंतर तो बदलला, आम्ही घरातल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आता मला सांगा त्याला परत पुस्तकातलं वाचायला कुठल्या तोंडाने सांगू?

बायबल पण हेच सांगतं. मत्तय ६:७ मध्ये प्रभू येशू स्वतः म्हणतो की व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोललं म्हणून ऐकलं जाईल असं नाही. यशया २९:१३ मध्ये ओठांनी मान देणारे आणि अंतःकरण लांब असणारे लोक आहेत. आणि पौल १ करिंथ १४ मध्ये म्हणतो की न समजणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे. आमच्या वाड्यावर (वस्तीत) अजून खुरसासमोर लॅटिनमध्ये लदीन म्हणजे मरियेच्या नावांची गायची प्रार्थना होते, म्हणणाऱ्या एकालाही अर्थ माहीत नाही. त्यातून देवाला काय पोचतं हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

---

मेस्ताच्या_घरचो

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यातल्या साष्टीतला, आजोबा चर्चचे मेस्त होते म्हणजे पोरांना सोल्फा, व्हायोलिन, गाणं शिकवणारे आणि देवळातलं कोर सांभाळणारे. माझं मराठी शाळेतलं, चुकलं तर समजून घ्या. लदीनचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

बिलीव्हरबाब, तुमच्या भावाचं वाचून खरंच बरं वाटलं आणि त्याच्यावर एक शब्दही वाकडा बोलणार नाही. पण वचनं तुम्ही दिलीत तर पुढची पण वाचूया. मत्तय ६:७ ला व्यर्थ बडबड नको म्हटलंय आणि लगेच ६:९ ला प्रभू काय देतो? एक ठरलेली प्रार्थना देतो. लूक ११ मध्ये शिष्य म्हणतात आम्हाला प्रार्थना करायला शिकव, तिथेही तो 'मनात येईल ते बोला' म्हणत नाही, शब्द देतो. गेथशेमानीत, क्रुसाच्या आदल्या रात्री, तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं मत्तय २६:४४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. शेवटच्या भोजनानंतर ते गीत गाऊन बाहेर पडले, ती वल्हांडणाची (यहुदी सणाची) ठरलेली स्तोत्रं. आणि क्रुसावर जीव जात असताना त्याच्या तोंडात काय आलं, बावीसावं स्तोत्र आलं, मग एकतिसावं. देवाचा पुत्र, त्याला स्वतःचे शब्द कमी होते का? पण त्या वेळी त्याने लहानपणापासून पाठ असलेले शब्द घेतले. मला एवढं एकच उदाहरण पुरतं.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी पण हेच धरलं. पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळेला मंदिरात जात होते (प्रेषितांची कृत्ये ३:१), आणि दिदाखे नावाचं अगदी सुरुवातीच्या काळातलं एक छोटं पुस्तक आहे त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय. म्हणजे ही काय पाद्रींनी नंतर घुसडलेली गोष्ट नव्हे.

आता लॅटिन. इथे पौलाचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते मानतो, समजलं पाहिजे. चर्चने पण मानलं, ४ डिसेंबर १९६३ ला व्हॅटिकन कौन्सिलने उपासनेवरचा दस्तऐवज काढला त्यानंतर मीस लोकांच्या भाषेत आलं. आमच्या गोव्यात तर हा विचार त्याच्याही फार आधीचा. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले, इंग्रज माणूस, त्यांनी ओवीत क्रिस्तपुराण लिहिलं आणि १६१६ ला ते राचोलला छापलं. दहा हजारांच्या वर ओव्या, मराठीत. त्याच्या सुरुवातीलाच असा प्रसंग आहे की नवा ख्रिस्ती झालेला माणूस पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं गेली, मग आम्ही वाचायचं काय, आम्हाला तसं काही द्या. ते वाचताना मला नेहमी वाटतं की त्या माणसाला नवीन विश्वास मिळाला होता तरी त्याचं पोट भरलं नव्हतं, त्याला गाता येणारं, घरात म्हणता येणारं, पोरांना देता येणारं काहीतरी हवं होतं. फादर स्टीफन्सनी ते ओळखलं. ताई, तुम्ही तुमच्या मुलाबद्दल लिहिलंत ते मला त्याच जातीचं वाटलं.

तरी लॅटिन लदीन आम्ही का सोडलं नाही ते सांगतो. आमचं लदीन म्हणजे लोरेतोची लितानी, १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचव्याने मान्य केलेली. मे महिन्यात संध्याकाळी वाड्यावरचा खुरीस फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, दोन व्हायोलिनं असली तर उत्तम नाहीतर एक, मेस्त एकेक नाव घेतो आणि सगळा वाडा 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी विनंती कर) म्हणतो, बायका वरच्या आवाजात, पुरुष खालच्या. त्यात दुबईहून सुट्टीवर आलेला असतो, जहाजावरचा तारवटी असतो, नव्वदीची म्हातारी असते, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली सून असते, आणि वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ पण तिथे एकाच पट्टीत गातात. अर्थ कळत नाही म्हणता तर आता आमच्याकडे सुरू करायच्या आधी एक मुलगी कोकणीत अर्थ वाचून दाखवते, पाच मिनिटं लागतात. म्हणजे न समजण्यावर उपाय आहे, समजावून सांगणं. सोडून देणं हा उपाय नव्हे. आणि ती काय दगडात कोरलेली पण नाही, २०२० मध्ये पोप फ्रान्सिसनी त्यात तीन नवीन नावं घातली, त्यातलं एक 'स्थलांतरितांचा दिलासा'. आमच्या गोव्यात घरटी कोणीतरी बाहेर आहे, त्या नावाला पहिल्यांदा उत्तर देताना कितीजणींचा आवाज दाटला ते मी बाजूला उभा राहून ऐकलंय.

भावाबद्दल एक विचारू का, रागावू नका. त्या रात्री तो स्वतःच्या शब्दात बोलला, पण बोलायचं कोणाशी हे त्याला कुठून माहीत होतं? तेर्सातूनच ना.

---

वाचा_उपचार_पणजी

मी स्पीच थेरपिस्ट आहे. धर्मावर बोलायचा माझा अधिकार नाही, फक्त जे कामात दिसतं ते सांगते कारण 'नुसती सवय' हा शब्द वाचून थांबले.

मेंदूच्या डाव्या भागात स्ट्रोक झाला की बऱ्याच लोकांची भाषा जाते, ज्याला अफेझिया म्हणतात. माणूस आत शाबूत असतो पण पाणी हवंय हे सांगता येत नाही, मुलीचं नाव येत नाही. अशा पेशंटमध्ये जे हजारो वेळा ओळीने म्हटलेलं असतं ते पुष्कळदा शिल्लक राहतं, आकडे, वारांची नावं, गाणी आणि प्रार्थना. आमच्याकडे एक आजी यायच्या, काही केल्या शब्द फुटेना, 'नको' आणि 'हो' एवढंच आणि तेही उलटसुलट. त्यांच्या सुनेने एकदा सहज 'नमान मोरिये' (मरियेची कोकणी प्रार्थना) सुरू केलं आणि आजींनी पुढचं सगळं, अगदी शेवटच्या आमेनपर्यंत, स्पष्ट उच्चारात म्हटलं. संपल्यावर सुनेकडे बघून परत सुरू कर म्हणून हाताने खूण केली. स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्येही हे दिसतं, नातवंडं ओळखू येत नाहीत पण भजन सुरू झालं की ओठ हलतात.

यावरून श्रद्धा किती होती हे मोजता येत नाही, तसं मी म्हणतही नाही. पण जेव्हा स्वतःचे शब्द उरत नाहीत तेव्हा माणसाच्या हातात काय राहणार हे आधीच्या वर्षांत ठरलेलं असतं एवढं मात्र रोज बघते. ज्यांच्याकडे असं पाठ काहीच नसतं त्यांच्या घरच्यांना त्यांच्या जवळ बसून एकत्र काय करावं हेच समजत नाही. मुलाला शिकवा, मला तरी यात दुसरं मत दिसत नाही.

---

डिचोलीकर

मी हिंदू पण लिहू का? आमच्याकडे चवथीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवून आरत्या असतात. काही वर्षांपूर्वी मामाच्या मुलाने स्पीकरवर आरती लावली, गाणाऱ्याचा आवाज सुंदर, पण घरात सगळे नुसते उभे, टाळ्यापण धड पडेनात. दुसऱ्या दिवशी स्पीकर बंद करून घुमट काढलं तेव्हा ज्याला सूर नाही तोसुद्धा ओरडून म्हणत होता. पाठ असतं तेव्हाच ते सगळ्यांचं होतं, नाहीतर मग गाणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. बिलीव्हर दादांना विचारायचंय, तुमच्या सभेत एकजण स्वतःच्या शब्दात प्रार्थना करतो तेव्हा बाकीचे त्याच्याबरोबर प्रार्थना करतात की त्याची प्रार्थना ऐकतात? खरंच माहिती नाही म्हणून विचारलं. बाकी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियेच्या) फेस्ताला आमची आई न चुकता तेल घेऊन जाते, तिला तिथलं मीस कळत नाही पण सगळे एकदम उत्तर देतात तेव्हा ती पण हात जोडते.

---

बिलीव्हर_म्हापसा

डिचोलीकर, ऐकतात आणि मध्ये मध्ये आमेन म्हणतात. प्रश्न चांगला आहे, असा विचार केला नव्हता.

मेस्तबाब, गेथशेमानीचं वचन मी रात्री परत काढून वाचलं. तेच शब्द म्हणणं चूक नाही एवढं त्यातून निघतं. पण त्यात घाम गाळून म्हटलेले तेच शब्द आहेत, आमच्या चर्चमध्ये मागे दारात उभं राहून, अर्धे पुरुष बाहेर स्कूटरवर बसून, म्हटलेले नाहीत. माझा राग शब्दांवर नाहीच मुळी, ज्या पद्धतीने ते घाईत उरकले जातात त्याच्यावर आहे. आणि हे पण खरं की आमच्याकडे मोकळ्या प्रार्थनेत प्रत्येकजण चार-पाच ठरलेल्या वाक्यांनीच सुरू करतो आणि ठरलेल्या वाक्यानेच संपवतो, नवीन माणूस महिन्याभरात ती उचलतो. तेव्हा क्रम आमच्याकडे पण आहेच, फक्त तो कोणी बसून विचार करून लिहिलेला नाही. भावाला विचारलं, तेर्स अजून म्हणतोस का. म्हणाला, म्हणतो. मला माहीतच नव्हतं.

---

वसईकर_मडगाव

घाईबद्दल बिलीव्हर दादांशी शंभर टक्के सहमत आणि हे आमच्या लोकांना सांगायलाच हवं. ठरलेली उपासना घाईने केली की तिच्यासारखं कोरडं दुसरं काही नाही. पापांगीकाराच्या आधी 'आपण क्षणभर आपली पापं आठवूया' असं फादर म्हणतात आणि श्वास घ्यायच्या आत पुढचं सुरू करतात. आठवायची कधी? पुस्तकातच तिथे शांत राहा असं लिहिलेलं असतं, वाचनानंतर, उपदेशानंतर, कम्युनियननंतर, ती शांतता कापली जाते कारण पुढच्या मिस्साची माणसं गाड्या लावायला येतात. मला वाटतं लोक लिटर्जीला कंटाळत नाहीत, उरकण्याला कंटाळतात. २०२० ला देवळं बंद होती तेव्हा आम्ही घरात टीव्हीसमोर मिस्साला बसायचो, माझी आई टीव्हीतल्या फादरांना मोठ्याने उत्तरं द्यायची आणि शांततेच्या वेळी खरोखर शांत बसायची. तिला घाई नव्हती, त्या खोलीत मला कितीतरी वर्षांनी मिस्सा नीट लागला.

---

नगरची_वास्कोत

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसले. वसईकर दादा म्हणाले तसंच झालं, भाषा अर्धी कळली पण कुठे आहोत ते कळत होतं. फेलोशिप सोडणार नाही, ती माणसं माझी आहेत. मुलासाठी संध्याकाळी घरीच सुरू करायचं ठरवलंय पण किती आणि काय घ्यावं? नवरा म्हणतो बायबल सोसायटीच्या नवीन भाषांतरातली प्रभूची प्रार्थना शिकवूया, सोपी आहे.

---

मेस्ताच्या_घरचो

ताई, त्याचे आजोबा म्हणतात तीच शिकवा. सोपी-अवघड बघू नका, त्याला आजोबांबरोबर म्हणता आली पाहिजे. नवीन भाषांतर वाचायला घ्या, म्हणायला जुनं ठेवा.

किती घ्यावं म्हणाल तर थोडं घ्या आणि बदलू नका. आमच्या घरी संध्याकाळी देवळाची घंटा झाली की जो जिथे असेल तिथे थांबायचा, मग तेर्स, आणि संपला की धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकजण हात जोडून मोठ्यांकडे बेसांव मागायचा, म्हणजे आशीर्वाद. भांडण झालेलं असलं तरी मागायलाच लागायचं आणि मोठ्याला द्यायलाच लागायचं. तुम्ही जपमाळ म्हणत नाही, ठीक आहे, एक स्तोत्र (तेविसावं घ्या, मुलांना लवकर येतं), प्रभूची प्रार्थना, प्रत्येकाने स्वतःच्या शब्दात एक वाक्य आणि शेवटी तुम्ही नाहीतर बाबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६ मधला आशीर्वाद म्हणायचा, 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो'. दहा मिनिटांच्या वर नको. त्याच्याकडून पाठांतराची परीक्षा घेऊ नका, चुकला तर थांबवू नका, तुम्ही म्हणत राहा, तो ऐकून ऐकून धरेल. आम्हाला कोणी बसवून शिकवलं नव्हतं.

---

बिलीव्हर_म्हापसा

ते स्वतःच्या शब्दातलं एक वाक्य मात्र गाळू नका ताई, ते पाहिजेच.

मेस्तबाब, मे महिन्यात तुमच्या वाड्यावर लदीन असेल तेव्हा यायचंय. संतांना प्रार्थना मी करू शकत नाही, माझ्या विवेकाला पटत नाही, ते 'ओरा प्रो नोबिस' मी म्हणणार नाही. तरी बसलेलं चालेल का?

---

मेस्ताच्या_घरचो

चालेल म्हणजे काय, यायचंच. सुरुवातीला 'किरिये एलेइसोन' आहे, प्रभू दया कर, ते तर तुम्हाला म्हणता येईल ना, तेवढं म्हणा आणि बाकीच्याला बसून राहा. भावाला पण आणा, त्याला येत असणार, खालच्या आवाजात आम्हाला माणसं कमी पडतात. संध्याकाळी सातला असतं, जरा आधी या म्हणजे व्हायोलिन जुळवताना भेटू. आणि संपल्यावर लगेच पळू नका, उकडलेले चणे असतात.